आराखडा कागदावर, शहर खाडीपलीकडे

विकास आराखडा शहरापुरता असतो. रस्ता कुठून जाईल, शाळा-मैदानांसाठी कोणती जमीन राखायची, कुठे किती बांधकाम चालेल, हे त्यात ठरते. प्रादेशिक योजनेचा आवाका मोठा: शहरे, भोवतालची गावे, शेती, जंगल, पाणी, सगळे एकत्र. महाराष्ट्रात दोन्हींना आधार आहे तो १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचा.

नवी मुंबई हे अशा नियोजनाचे ठळक उदाहरण. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात कल्पना मांडली: मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे, पूर्वेला वाढवा. १९७० मध्ये हे नवे शहर उभारण्यासाठी सिडको (शहर व औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली. ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नियोजनाखाली आली. एकाच गजबजलेल्या केंद्राऐवजी वाशी, नेरूळ, बेलापूर अशी अनेक उपनगरे, प्रत्येकात घर आणि रोजगार जवळजवळ.

सरकारी कचेऱ्या तिकडे गेल्या की बाकीचे मागोमाग येतील, हा त्यातला कळीचा हिशेब. मंत्रालय मात्र जागचे हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला भराव घालून मनोरे उभे राहिले! घाऊक बाजार वाशीला गेले, पण लोकलने वाशी गाठायला १९९२ उजाडले.

आणि ज्यांची भातशेती, मिठागरे यात गेली ते आगरी-कोळी? १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनात पोलिस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतरची. मूळ आराखड्यात ती नव्हती.