‘मॅजिक कार्पेट’वरचा मराठी तबला

ब्रिटिश सायकेडेलिक फोकची कथा बहुधा एडिंबरोपासून सांगतात. 1966 मध्ये ‘इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’ची पहिली तबकडी आली आणि लगेच त्रिकुट पांगलं. क्लाइव्ह पामर अफगाणिस्तान-हिंदुस्थानच्या वाटेला लागला, तर रॉबिन विल्यमसन मोरोक्कोहून तिकडची वाद्यं घेऊन परतला. मग त्यानं आणि त्रिकुटातल्या तिसऱ्या माइक हेरननं जुनं लोकगीत, पूर्वेकडची वाद्यं आणि स्वप्नासारखी भरकटणारी कविता यांचं जे मिश्रण केलं, त्याला तरुणांनी डोक्यावर घेतलं. 1968 ची ‘द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर’ ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढली. 1974 मध्ये हा बँड मोडला.

या इतिहासात एक मराठी नाव आहे, पण ते शोधायला श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं वाचावी लागतात. तबलावादक केशव साठे. जन्म मुंबईचा, 1928 चा. 1956 मध्ये ते लंडनला गेले, तेव्हा ‘बीटल्स’चं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं.

त्या काळी लंडनमध्ये भारतीय संगीताचं ठाणं म्हणजे ‘एशियन म्युझिक सर्कल’. कानडी मुलखातून आलेले अयाना अंगडी आणि त्यांची इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी ते 1946 मध्ये सुरू केलं. ‘बीटल्स’च्या जॉर्ज हॅरिसनला सतारीचा नाद लागला, तेव्हा वादक मिळवायला तो इथेच वळला. 1966 च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीवर ‘लव्ह यू टू’ या गाण्याला अनिल भागवतांनी तबला वाजवला आणि त्यांचं नाव वेष्टनावर छापलं गेलं. ते भाग्य सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. पुढच्याच वर्षी ‘विदिन यू विदाउट यू’ वाजवणाऱ्या भारतीय वादकांची नावं गाळली गेली.

साठ्यांनी मात्र वाट धरली ती जॅझची. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी पाच भारतीय वाद्यं आणि पाच जॅझची वाद्यं समोरासमोर बसवली. त्यातून ‘इंडो-जॅझ स्वीट’ घडलं. तबल्यावर साठे होते. 1967 मध्ये जर्मनीत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’तही सतारवादक दिवाण मोतीहार यांच्या त्रिकुटात साठे आहेत.

जॅझमध्ये तालाला मान असतो. लोकगीताचं तसं नव्हतं. आपल्याकडे रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघाली की आधी वाजंत्री ऐकू येते, पालखी मागून दिसते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या गाण्यांची रीत याच्या उलट. ती बहुतांशी वाद्याविना, एकट्या गळ्यानं म्हणायची. शब्दाच्या वजनानुसार ओळ कधी लांबते, कधी आखडते. त्याला आवर्तनाच्या चौकटीत कोंबलं की गाणं गुदमरतं.

ही गाठ सोडवण्याचा एक देखणा प्रयत्न म्हणजे ‘मॅजिक कार्पेट’. सतारीवर क्लेम अल्फर्ड, गिटारवर जिम मॉइस आणि तबल्यावर साठे हे तिघं आधी ‘सरगम’ नावानं वाजवत होते. त्यांना गायिका अलिशा सुफिट येऊन मिळाली आणि 1972 मध्ये लंडनच्या ‘मशरूम’ या छोट्या कंपनीनं त्यांची एलपी काढली. अडचण मुळातच होती. सतारीच्या तरफा एका षड्जात लावलेल्या, तबल्याची शाई त्याच सुरात बोलणार. गिटारचे स्वरमेळ मात्र सारखे जागा बदलणारे. म्हणून इथे गिटारच्या तारा एकाच आधारस्वराभोवती घोटाळतात आणि गाणं त्याच पट्टीत नांदतं. साठे तिहाया आणि तुकड्यांचा फड उभारत नाहीत. गायिकेचा श्वास संपतो तिथे ते बायाँचा घुमारा भरतात आणि शब्द आला की बाजूला सरतात. आपल्या बैठकीत ठुमरीला अशीच साथ लागते.

तबकडी फारशी खपली नाही, बँडही लवकरच पांगला. पुढे जुन्या तबकड्यांच्या शौकिनांनी ती शोधून काढली, तिची नवी आवृत्ती निघाली आणि 1996 मध्ये अलिशा-अल्फर्ड जोडीनं दुसरा भागही केला.

साठ्यांचा तबला मात्र थांबला नव्हता. ‘पेंटँगल’ हा फोक बँड मोडल्यावर त्यातल्या गिटारवादक जॉन रेनबर्ननं स्वतःचा गट बांधला. ‘पेंटँगल’चीच जॅकी मॅक्शी गायला होती, बासरीला टोनी रॉबर्ट्स आणि तबल्याला साठे. 1977 च्या ‘अ मेड इन बेडलॅम’मध्ये तर थेट पारंपरिक इंग्रजी गीतं तबल्यावर चालतात. तिथे तबला पूर्वेची नक्षी म्हणून लावलेला वाटत नाही. तो घरचा झालेला असतो.

बँड आले, मोडले. जॅझ, सायकेडेलिक फोक आणि पारंपरिक गीत ही तिन्ही घरं साठ्यांनी सांधली. इंग्रज लेखकांनी हा इतिहास गायक-गिटारवाल्यांचा म्हणून लिहिला, आणि आपण परदेशातलं भारतीय संगीत म्हणजे रविशंकर एवढ्यावर थांबलो. पेण-रोह्याच्या भजनी मंडळांतला कुणीही पखवाजवाला सांगेल की भजनाची बारी जिंकून देणारा नेहमी गाणारा बुवाच असतो असं नाही. त्या कानानं ‘इंडो-जॅझ स्वीट’, ‘मॅजिक कार्पेट’ आणि ‘अ मेड इन बेडलॅम’ याच क्रमानं ऐका. मराठी संगीताच्या इतिहासात लंडनचं प्रकरण का हवं, याचा पुरावा या तीन तबकड्यांत आहे.