छोटी पट्टी, मोठे नुकसान : मोटरसायकलचा चेन स्लायडर वेळेवर बदला

यंत्रमागाच्या धंद्यातील बांधवांना पिकर काय चीज आहे, हे सांगण्याची गरज नाही. पूर्वी तो म्हशीच्या कच्च्या चामड्याचा असे, पुढे प्लास्टिकचा आला. धोट्याचा मार तो स्वतः सोसतो आणि झिजतो. त्याचे भोक खोल गेले तरी बदलला नाही, तर धोटा वाट सोडून उडतो. मग धागे तुटतात, धोटा फुटतो, कधी कारागिराचा डोळाही जातो. चार पैशांची चीज वाचवायला गेलो आणि मोठे नुकसान घरी आणले, असा हा प्रकार आहे.

मोटरसायकलमध्येही असाच एक पिकर आहे. त्याला चेन स्लायडर म्हणतात. कोणी चेन पॅड म्हणतात, कोणी चेन रबर. मागचे चाक धरणारा जो स्विंगआर्म, ज्याला आपले मिस्त्री चिमटा म्हणतात, त्याच्या पुढच्या टोकावर ही पट्टी बसवलेली असते. चेन चिमट्यावर घासू नये, एवढेच तिचे काम.

2016 साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि 2019 साली हीरोची एक्सपल्स 200 बाजारात आली. तेव्हापासून कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्या आपल्या छोट्या शहरांतही दिसू लागल्या. मालेगावहून कळवण, सुरगाण्याकडे मागणी घ्यायला आणि उधारी वसूल करायला आम्हीही अशीच एक गाडी वापरत होतो. या गाड्यांचे मागचे चाक खड्ड्यात जास्त वरखाली होते, आणि चाक हलले की चेनचा ताणही बदलतो. म्हणून चेन थोडी ढिली ठेवावीच लागते. ही ढिली चेन दर धक्क्याला स्लायडरवर आपटते. त्यात धूळ आणि चिखल मिसळला की सरस कागदासारखे काम होते.

झीज कशी ओळखावी

गाडी उभी करून बॅटरीच्या उजेडात पाहावे. पट्टीवर चेनच्या दोन खाचा पडतात. काही पट्ट्यांवर झिजेची खूण दिलेली असते, तिथपर्यंत खाच गेली की पट्टी बदलावी. खूण नसेल तर अर्धी जाडी गेल्यावर वाट पाहू नये. पट्टी तडकली असेल किंवा चालताना खडखड आवाज येत असेल, तर त्याच दिवशी उघडून पाहावी. मागच्या स्प्रॉकेटजवळ चेनला वाट दाखवणारा प्लास्टिकचा गाइड असतो, तोही सोबत तपासावा.

बदलण्याची रीत

मागचे चाक जमिनीवरून उचलून गाडी पक्की उभी करावी. चेनला लॉक असेल तर ते काढून चेन बाजूला घ्यावी. काही गाड्यांत दोन-तीन स्क्रू काढले की पट्टी निघते, काहींत चिमटाच खाली उतरवावा लागतो. स्क्रूच्या भोकात लोखंडी बुश असतात. ते जुन्या पट्टीतून काढून नव्या पट्टीत घालावेत. पुष्कळ मिस्त्री ते विसरतात, आणि मग स्क्रू आवळताच नवी पट्टी फुटते. चिमट्यावरची वाळू व ग्रीस पूर्ण पुसावे, आणि खाली धातू कापला गेला आहे का, हे बोट फिरवून पाहावे. चेन रॉकेलने धुवावी, पेट्रोलने नको. पेट्रोलने चेनमधील रबरी रिंग खराब होतात. चेन लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. शेवटी कंपनीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी ढील ठेवून, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करून एक्सल आवळावा. फार ताणलेली चेन बेअरिंग खाते आणि फार ढिली चेन पट्टी खाते.

आमचा अनुभव

आम्ही स्वतः या बाबतीत गाफील राहिलो. ‘अजून चालते’ असे म्हणत दोन पावसाळे काढले. गाडी विकायची ठरली तेव्हा मिस्त्रीकडे नेली. पट्टी काढली तर चेनने चिमट्यात खोल खाच पाडलेली. मिस्त्री म्हणाला, ‘हाजीसाहेब, नवी पट्टी बसली की काहीच दिसणार नाही.’ त्याचे म्हणणे खरे होते. पट्टी बसली आणि खाच झाकली गेली. गिऱ्हाईकही आपल्याच मोहल्ल्यातले होते, भाव ठरत आला होता.

घरी आल्यावर धान्याच्या राशीचा प्रसंग आठवला. पैगंबरांनी (स.) राशीत हात घातला तेव्हा वर कोरडे आणि आत ओले धान्य लागले होते. आमच्या गाडीतही वरून नवी पट्टी होती आणि खाली कापलेला चिमटा. कपड्याच्या ताग्यात डाग निघाला तर तो गिऱ्हाइकाला दाखवून विकावा, हे आम्ही दुकानातील पोरांना रोज सांगतो. इथे तर माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. घाटात चिमटा तुटला तर जबाब कोण देणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही गिऱ्हाइकासमोर पट्टी उघडायला लावली. नव्या चिमट्याचा खर्च आमच्या अंगावर घेतला, आणि तो बसल्यावरच गाडी दिली. वेळेवर पट्टी बदलली असती तर त्या खर्चाचा एक छोटा हिस्सा पुरला असता.

कारागीर बांधवांना

गॅरेजवाल्या बांधवांनी जुनी पट्टी गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी आणि झीज दाखवावी. त्याने विश्वास वाढतो आणि काम टिकते. सुट्या भागांच्या दुकानदारांनी अस्सल माल आणि नक्कल वेगवेगळी ठेवून तसे सांगून विकावी. चांगली पट्टी नायलॉन, पॉलीयुरेथेन किंवा अशाच चिवट प्लास्टिकची असते. हलक्या प्लास्टिकची पट्टी उन्हाने कडक होऊन तडकते. स्वस्त मागणाऱ्याला स्वस्त जरूर द्यावे, पण ती किती टिकेल हेही सांगावे.

झाकलेला ऐब गिऱ्हाइकाला दिसला नाही तरी विकणाऱ्याला माहीत असतोच. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.