आठ कंठांचे वाद्य : ज्युपिटर-८ आणि रागसंगीत

उच्चारणाचा विचार करताना भाषाभ्यासक दोन गोष्टी वेगळ्या काढतो : स्वरतंतूंच्या कंपनाने उत्पन्न होणारा मूळ नाद, आणि मुखविवरात त्या नादाला मिळणारा आकार. गुन्नार फान्ट यांनी १९६० साली ही उपपत्ती सविस्तर मांडली. जुना अ‍ॅनलॉग सिंथेसायझर नेमक्या याच विभागणीवर चालतो. म्हणून त्याच्यापासून अधिकात अधिक काम कसे घ्यावे, हा प्रश्न आमच्या विषयाला अगदीच परका नाही.

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात सापडते. मुंबईचे चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या हाती रोलँडची तीन यंत्रे होती; त्यांपैकी सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हे होते. तबकडी त्या काळी फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा पुढे शिकागोत जन्मलेल्या 'अ‍ॅसिड हाउस'शी तिचे साम्य पाहून पाश्चात्त्य श्रोते चकित झाले.

१९८१ साली बाजारात आलेल्या या वाद्यात आठ आवाज असून प्रत्येक आवाजाला दोन, म्हणजे एकूण सोळा ऑसिलेटर आहेत. ऑसिलेटर म्हणजे येथील स्वरतंतू, आणि फिल्टर म्हणजे मुखविवर. करवती तरंगात सर्व उपस्वर असतात, चौकोनी तरंगात केवळ विषम. फिल्टर त्यांतील वरचे उपस्वर गाळतो, आणि 'रेझोनन्स' वाढविल्यास एका ठिकाणी शिखर उभे करतो. मानवी स्वराला मात्र अशी अनेक शिखरे लागतात. म्हणून यंत्र 'आ' किंवा 'ई'चा भास देते, प्रत्यक्ष स्वर देत नाही. नादाच्या आरंभाचेही तसेच : आरंभ तीव्र ठेवल्यास 'प'सारखा स्पर्श जाणवतो, सावकाश ठेवल्यास 'व'सारखा अर्धस्वर.

आता वादनाविषयी. अ‍ॅनलॉग ऑसिलेटरचा सूर उष्णतेने हलतो. मराठवाड्यातील वैशाखात हे विशेष ध्यानी ठेवावे. यंत्र सुरू करून अर्धा तास तापू द्यावे आणि मगच त्याची स्वयंचलित जुळणी करावी. दुसरे असे की, सूर विरण्याचा काळ लांब ठेवल्यास षड्ज विरण्यापूर्वीच कोमल ऋषभ उमटतो व दोघांची टक्कर होते. पाश्चात्त्य स्वरसंवादाला उपकारक असलेला हा गुण भैरवात दोष ठरतो; तेथे हा काळ आखूडच हवा.

खरी अडचण पट्ट्यांची आहे. शुद्ध गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर असतो. समविभाजित पट्टीवर तो ४०० सेंटांवर सापडतो. याच आक्षेपावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवले होते. परंतु पेटीचा सूर एकदा निघाला की वाकत नाही; ज्युपिटरचा वाकतो. 'पोर्टामेंटो' एका पट्टीवरून दुसरीपर्यंत एकसारखा घसरतो, म्हणून ती पुरती मींड नव्हे. मींडेत वाटेवरच्या श्रुतींवर रेंगाळावे लागते, आणि ते काम डाव्या हाताशी असलेली, सूर वाकविणारी दांडी करते. तिचा पल्ला लहान ठेवून हात बसविल्यास कोमल ऋषभाचे आंदोलनही बऱ्याच अंशी साधते.

शेवटी, या वाद्याचे आठही आवाज एकाच पट्टीवर एकवटता येतात. ते परस्परांशी तंतोतंत जुळत नसल्यामुळेच नाद भरदार होतो. बहुस्वरी यंत्राचा एकस्वरी संगीतातील सर्वोत्तम उपयोग हाच होय. यंत्राची सामर्थ्ये मोजून ती सर्वच वापरणे म्हणजे प्रभुत्व नव्हे. रागाला जे हवे तेवढेच त्याच्याकडून मागणे, हे अधिक अवघड आणि अधिक फलदायी आहे.