केसांच्या मुळाशी (भाग 7) : डोक्यावरून गालावर

वाशीम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलेल्यांपैकी काहींनी दिगंबर मुनींचा केशलोच पाहिला असेल. केस बोटांतून निसटू नये म्हणून मुनी हाताला राख लावतात आणि डोक्याचे, दाढीचे, मिशीचे केस उपटून काढतात. ना वस्तरा, ना कात्री. त्या दिवशी उपवास. दोन ते चार महिन्यांनी पुन्हा केशलोच, कारण तोवर दाढी आलेली असते. त्यामागच्या धर्मविचारावर बोलण्याचा मला अधिकार नाही. आपल्यापुरता प्रश्न एवढाच की, मुळासकट उपटलेला केस पुन्हा येतो कसा?

तर तो मुळासकट निघालेलाच नसतो. उपटलेल्या केसाच्या टोकाला पांढुरका गोळा दिसतो, त्यालाच आपण मूळ समजतो. पण केस ज्या कूपातून उगवतो तो कूप बराचसा कातडीतच राहिलेला असतो. नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी कूपाच्या तळाशी नसून त्याच्या मध्यावर, केस ताठ उभा करणारा बारीकसा स्नायू जिथे चिकटतो त्या फुगवट्यात असतात, हे अमेरिकेत जॉर्ज कोत्सारेलिस आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये उंदराच्या कातडीवर दाखवलं. हरळी वरून ओढली तर हातात पाती येतात आणि आठ दिवसांत बांध पुन्हा हिरवा होतो, तसंच हे.

दाढीच्या प्रत्यारोपणाचं सगळं तंत्र या फुगवट्यापाशी येऊन थांबतं. गालावर केस लावायचा तर नुसता केस लावून भागत नाही. फुगवटा, खालची कळी आणि भोवतालचं थोडं मांस यांसह अख्खा कूप डोक्याच्या मागच्या भागातून उचलावा लागतो. त्याला डॉक्टर ‘ग्राफ्ट’ म्हणतात.

पण शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी एक वाक्य. टकलावर लिहिलं की पुढचा प्रश्न हमखास दाढीचा येतो, आणि आपल्याकडचं पोरगं तो असा विचारतं : “सर, माही दाढी भरूनच नाई येऊन राह्यली.” वय विचारावं तर एकोणीस, फार तर एकवीस. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मित्रांच्या दाढ्या महाराजांच्या वळणाच्या कोरलेल्या, आणि याच्या हनुवटीवर चार केस, गालावर नुसती लव. त्याचं दुःख खोटं नाही. उपाय मात्र बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचा नसतो.

वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाढतं. त्यापासून तयार होणारं डीएचटी हे जास्त जोरकस संप्रेरक गालावरच्या लवेला जाड, काळ्या केसात बदलतं. हा बदल एका वर्षात उरकत नाही. आधी मिसरूड, मग हळूहळू बाकीचा चेहरा. कित्येकांची दाढी पंचविशीनंतरही भरत राहते. गंमत अशी की हेच डीएचटी डोक्यावर नेमकं उलटं वागतं आणि टाळूवरचे कूप खुरटवत नेतं. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही गावांत डीएचटी बनवणारं विकर जन्मतः कमी असलेले पुरुष आढळले. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी 1974 मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. त्या पुरुषांना दाढी तुरळक, पण टक्कल पडत नाही. पुढे फिनास्टेराइड हे टकलावरचं औषध आलं ते याच धाग्यावरून. म्हणून डोक्याचे केस राखायला ही गोळी घेणाऱ्याने त्याच वेळी दाढी दाट व्हावी अशी आशा धरणं म्हणजे एकाच संप्रेरकाकडून दोन उलटी कामं मागणं.

संप्रेरकाचा विषय निघालाच आहे तर 1970 सालची एक नोंद सांगायला हवी. ‘नेचर’ या मातब्बर नियतकालिकात एका संशोधकाने नाव न देता एक टिपण छापलं. तो एका दूरच्या बेटावर आठवडेच्या आठवडे एकटा राहायचा आणि अधूनमधून मुख्य भूमीवर प्रेयसीला भेटायला जायचा. रोजच्या दाढीनंतर विजेच्या वस्तऱ्यात जमलेले केस तो तोलून पाही. भेटीचा दिवस जवळ आला की वजन वाढलेलं दिसे. एका माणसाच्या नोंदीवरून कुणी सिद्धान्त मांडू नये, पण नाव का लपवलं ते कळतं.

एक समजूत तर आपल्या प्रत्येक घरात आहे : वस्तरा फिरवत राहा, दाढी दाट येईल. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बाईंनी 1928 मध्येच तपासून सांगितलं होतं की दाढी केल्याने केसाची जाडीही बदलत नाही आणि वाढीचा वेगही. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं. तेवढ्यावर कित्येक पोरांनी गाल सोलून घेतले.

दाढीत मधेच रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती बहुधा चाई. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कूपांवर उठते आणि केस गळतात, कूप मात्र जिवंत राहतो. त्यामुळे चाई अनेकदा आपोआप किंवा औषधाने भरून येते. ती चालू असताना तिथे केस लावले तर नवे केसही जातात. रोग किमान दोन वर्षं शांत हवा, असं डॉक्टर सांगतात. कूप जिवंत असणं म्हणजे काय, हे आपण शेजारीच पाहिलं. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातल्या जादा सेलेनियमशी जोडला. पुढे पुष्कळांचे केस परत आले. अशा गळतीत शस्त्रक्रियेचं काही कामच नाही. खाज सुटलेला, कडेने पसरणारा चट्टा असेल तर गजकर्णही असू शकतं. त्यावर मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब चोळली की ते आणखी चिघळतं.

हे सगळं वगळल्यावर जे उरतात त्यांच्यासाठी प्रत्यारोपण आहे. कल्पना नवी नाही. शोजी ओकुडा या जपानी डॉक्टरांनी 1939 मध्ये डोक्यावरची केसाळ कातडी गोल टोच्याने काढून टाळूवर, भुवईवर, मिशीच्या जागी लावल्याचं लिहून ठेवलं होतं. महायुद्धाच्या धामधुमीत ते जपानबाहेर कुणी वाचलं नाही. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेनट्राइख यांनी 1950 च्या दशकात स्वतंत्रपणे हेच केलं आणि 1959 मध्ये त्यातला नियम मांडला : कूप कुठेही लावा, तो जिथून आला तिथला स्वभाव सोडत नाही. डोक्याच्या मागच्या भागातले केस टकलात जात नाहीत, म्हणून ते टाळूवर लावले तरी टिकतात.

दाढीत याच नियमाचा थोडा जाचही होतो. गालावर लावलेला केस डोक्याच्याच वेगाने, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. पोतही डोक्याचाच, दाढीच्या केसापेक्षा मऊ.

आता प्रत्यक्ष काम. जागा बधिर करून डोक्याच्या मागच्या भागातून एक मिलिमीटरहून बारीक टोच्याने एकेक कूप सैल करतात आणि चिमट्याने उचलून गार द्रावणात ठेवतात. डोक्यावर एका कूपसमूहात एक ते चार केस असतात. गालासाठी एक-दोन केसांचेच समूह निवडावे लागतात, कारण दाढीत एका भोकातून तीन केस निघाले तर ते ब्रशसारखे दिसतात. खरी कसोटी कोनाची. गालावरचा केस कातडीला जवळजवळ लगटून, दहा-पंधरा अंशांत बाहेर येतो. कल्ल्यापाशी त्याची दिशा खाली असते, हनुवटीवर ती वळते, ओठाच्या कोपऱ्यात आणखी वेगळी. केस उभा लावला तर तो आयुष्यभर उभाच राहतो. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे रक्त जास्त येतं आणि कूपही चांगले धरतात. वरच्या ओठावरची सुई मात्र झोंबते. मिशीला साधारण 300 ते 500 ग्राफ्ट लागतात, पूर्ण दाढीला 2,000 किंवा त्याहून अधिक.

दोन ते चार आठवड्यांत लावलेले केस झडतात आणि पोरगं घाबरून फोन करतं. कूप आत असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस पुन्हा दिसू लागतात, खरी दाढी दिसायला वर्ष लागतं.

खर्चाचं गणित मांडू. ग्राफ्टला 50 रुपये धरले तर 2,000 ग्राफ्टचे 1 लाख. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे जवळजवळ 19 क्विंटल सोयाबीन. कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटल पिकलं तर तीन एकरांचा अख्खा हंगाम, आणि तोही हमीभाव हाती पडला तर.

पैशापेक्षा मोठा हिशेब डोक्याचा आहे. डोक्यामागचा कूप एकदा काढला की तिथे दुसरा येत नाही. जन्मभरात सुरक्षितपणे काढता येतील असे ग्राफ्ट बहुतेकांकडे पाच-सहा हजारांच्या आसपास. बाविसाव्या वर्षी त्यातले अडीच हजार गालावर गेले आणि पस्तिशीत बापासारखं टक्कल पडलं, तर डोक्यासाठी काय उरणार? म्हणून चांगला डॉक्टर पोराच्या गालाआधी त्याच्या वडिलांच्या, मामांच्या डोक्याची चौकशी करतो. जो हे न विचारता तारीख देतो, त्याच्याकडून उठून यावं असं माझं मत आहे.

समृद्धी महामार्गामुळे कारंज्याहून नागपूर आता टप्प्यात आलं आणि मोबाइलवर जाहिराती तर घरातच येतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं की ही शस्त्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायची, तंत्रज्ञाने फक्त मदत करायची. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहिलं म्हणजे प्रशिक्षण झालं असं नाही, हेही आयोगाला लिहावं लागलं. तरी 2025 मध्ये कानपूरमध्ये केस लावून घेतलेल्या दोन तरुण अभियंत्यांचे मृत्यू उघडकीला आले आणि गुन्हा नोंदला गेला तो एका दंतवैद्यावर. वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. चट्टा चाईचा की गजकर्णाचा, हे आधी सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडून समजून घ्यायला फार खर्च नाही.

या शस्त्रक्रियेचं खरं मोल मला दिसतं ते वेगळ्या चेहऱ्यांवर. जन्मतः दुभंगलेला ओठ लहानपणी शिवून घेता येतो आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची सोय आहे. पण मुलगा मोठा झाला, मिशी फुटली की शिवणीच्या रेषेवर केस येत नाही, आणि लपवायचा तोच व्रण मिशीमुळे उठून दिसतो. भाजलेल्या गालाचंही तसंच. व्रणाच्या कातडीत रक्त कमी, म्हणून कूप कमी धरतात. व्रण पक्का व्हायला सहा महिने ते वर्ष थांबून, आधी थोडे ग्राफ्ट लावून पाहतात आणि धरले तर पुढे जातात. तिथे शे-दोनशे केसांत माणसाचा ओठ त्याला परत मिळतो.

एक बाब दवाखान्यात सहसा कुणी सांगत नाही, कारण त्यांना आपले विधी ठाऊक नसतात किंवा सुचत नाही. लावलेली दाढी काही आठवड्यांनी बिनधास्त करता येते. पण घरात कुणी गेलं आणि दहाव्याला डोकं करावं लागलं, की डोक्यामागे जिथून कूप काढले तिथले बारीक पांढरे ठिपके उघडे पडतात. कातडीची पट्टी काढण्याची पद्धत वापरली असेल तर कानापासून कानापर्यंतची रेघ दिसते. वर अर्धा इंच केस असेपर्यंत हे कुणाला कळत नाही. तिरुपतीला मुंडण करणाऱ्यांनीही हे आधीच धरून चालावं आणि कोणती पद्धत वापरणार हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारून घ्यावं.

(पुढच्या भागात : विशीतच पिकणारे केस)