टीव्हीचा डोंगल झाला रेडिओ

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात आता दम राहिला नाही, अशी तक्रार कारागीर बांधवांकडून नेहमी ऐकू येते. सेट बिघडला की लोक सरळ नवा घेतात. पण याच हुन्नराची गरज असलेला एक नवा शौक जगभर वाढला आहे. त्याची माहिती आमच्या वाचकांना असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

तैवानच्या रियलटेक कंपनीची आरटीएल 2832 यू ही चिप मुळात संगणकावर टीव्ही पाहण्याच्या छोट्या डोंगलसाठी बनली. 2012 साली फिनलंडचे आंती पालोसारी आणि इतर हौशी प्रोग्रामरांनी दाखवून दिले की, ही चिप हवेतील लहरींचे कच्चे आकडे थेट संगणकाला देऊ शकते. पूर्वी जी कामे कॉइल आणि कंडेन्सर करीत, ती मग सॉफ्टवेअर करू लागले. आर 820 टी ट्यूनरचा डोंगल साधारण 24 ते 1,750 मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी पकडतो.

हौशी लोक याचे काय करतात? विमाने 1,090 मेगाहर्ट्झवर आपले ठिकाण, उंची व वेग सांगत असतात. ती संगणकाच्या नकाशावर दिसतात. जहाजे हेच काम 162 मेगाहर्ट्झच्या आसपास करतात. 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रशियाच्या मेटिऑर उपग्रहांकडून ढगांची छायाचित्रे मिळतात. अमेरिकेच्या नोआ 15, 18 व 19 या उपग्रहांवर अनेकांनी हात बसविला होता. ते 2025 मध्ये बंद झाले.

दुकानातही याचा उपयोग आहे. हलक्या प्रतीचा एलईडी दिवा किंवा चार्जर रेडिओत खरखर आणतो. ती खरखर पडद्यावर रेघांच्या रूपात दिसते. एकेक उपकरण बंद करून पाहिले की दोषी सापडतो.

डोंगल सर्वांचा सारखाच; फरक पडतो तो अँटेनाने, आणि तेथेच कारागिराचा हात लागतो. उपग्रहासाठी सुमारे 53 सेंटिमीटरच्या दोन सळ्या 120 अंशांच्या कोनात आडव्या बसवाव्या लागतात. विमानांसाठी सुमारे 7 सेंटिमीटरची उभी तार चालते. सोल्डरिंग स्वच्छ हवे, केबल आखूड हवी आणि वर आकाश मोकळे हवे.

दोन गोष्टींची मात्र खबरदारी घ्यावी. बाजारात नामांकित डोंगलच्या नकला पुष्कळ आहेत, पारखून घ्यावे. दुसरे, बिनतारी साधनांवर आपल्याकडे कायद्याचे नियंत्रण आहे. खरेदीपूर्वी नियम विचारून घ्यावेत. पोलिसांचे किंवा कोणाचे खासगी बोलणे ऐकण्याच्या फंदात मुळीच पडू नये. ज्यांना पुढे स्वतः प्रक्षेपण करायचे आहे, त्यांच्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची हौशी रेडिओ परीक्षा आहे.

या शौकातून लगेच गल्ला भरेल, असे आम्ही म्हणणार नाही. पण दुकानात बसणाऱ्या मुलाला लहरी, अँटेना आणि संगणक एकत्र शिकवणारी इतकी स्वस्त शाळा दुसरी क्वचितच मिळेल.