राणी पहिली मारिया आणि राजा तिसरा पेद्रो
पोर्तुगालच्या सिंहासनावर स्वाधिकाराने बसलेली पहिली स्त्री म्हणजे पहिली मारिया (१७३४–१८१६). १७६० मध्ये तिचा विवाह सख्खा चुलता पेद्रो याच्याशी झाला. १७७७ मध्ये पिता पहिला जुझे निवर्तल्यावर ती राणी झाली. पेद्रोलाही राजपद मिळाले. परंतु ते पत्नीच्या नात्याने, आणि सत्ता राणीच्याच हाती राहिली. सर्वाधिकारी प्रधान पोंबाल यास तिने दूर सारिले व त्याने डांबलेल्या राजबंद्यांना मुक्त केले. गोमंतकातील डिचोली व सत्तरी हे प्रांत पोर्तुगीज अमलाखाली आले, ते याच संयुक्त राजवटीत.

१७८६ मध्ये पेद्रो वारला. १७८८ मध्ये ज्येष्ठ पुत्रही गेला. १७९२ मध्ये राणी भ्रमिष्ट झाल्याने कारभार दुसऱ्या पुत्राकडे गेला. राज्यात पेद्रोचे स्थान नाममात्र होते. राणीच्या जीवनात मात्र तो मोठा आधार होता, असे या घटनाक्रमावरून दिसते.