देवस्थानचा निधी आणि विकास : चेन्नईतील जुना प्रश्न, नवा वाद

चेन्नई : भाविकाने देवाला वाहिलेल्या पैशातून महाविद्यालय उभारावे का? आणि मंगल कार्यालय? तमिळनाडूत गेली काही वर्षे हे प्रश्न न्यायालयांपुढे येत आहेत. दोहोंची उत्तरे मात्र सारखी नाहीत.

चेन्नईला हा विषय नवा नाही. दुभाषी व व्यापारी पच्चैयप्पा मुदलियार यांनी १७९४ मध्ये मृत्यूपूर्वी आपली संपत्ती देवस्थाने आणि धर्मादाय कार्यांसाठी ठेवली. पुढे तिच्या व्यवस्थेत गैरप्रकार झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. मंदिरांतील नेमलेल्या धर्मकृत्यांसाठीची रक्कम आधी सुरक्षित करण्यात आली. उरलेली शिक्षणाकडे वळवण्यात आली. त्यातून १८४२ मध्ये सुरू झालेल्या शाळेचे पुढे पच्चैयप्पा महाविद्यालय झाले. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन आणि माजी मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांनी तेथे शिक्षण घेतले.

राज्याच्या १९५९ च्या हिंदू धर्मादाय कायद्यातही हाच क्रम आहे. देवस्थानच्या गरजा भागल्यावर शिल्लक राहिलेला निधीच, आयुक्तांच्या मंजुरीने, कायद्यात नमूद केलेल्या कामांसाठी वापरता येतो. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या निधीतून कोळत्तूर येथे २०२१ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद केले नाही; मात्र आपल्या परवानगीविना आणखी महाविद्यालये काढण्यास मनाई केली. २०२५ मध्ये पाच मंदिरांच्या निधीतून मंगल कार्यालये बांधण्याचे सरकारी आदेश याच न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने रद्द केले. भाड्याने द्यायची कार्यालये हे धार्मिक प्रयोजन नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयानेही या निकालाला स्थगिती दिली नाही.

निधी वाढवण्याचा दुसरा मार्गही राज्याने अवलंबला आहे. २१ मंदिरांतील वापरात नसलेले एक हजार किलोंहून अधिक सोने मुंबईच्या टांकसाळीत वितळवून स्टेट बँकेत ठेवण्यात आले. त्यावरील वार्षिक सुमारे १७ कोटी ८१ लाख रुपयांचे व्याज मंदिरांच्याच कामी येते.

कायद्याच्या दृष्टीने मंदिराच्या मालमत्तेची मालक देवता असते. विश्वस्त आणि सरकार केवळ राखणदार. दात्याचा हेतू राखून पैसा समाजाच्या कामी आला, तर श्रद्धा हे विकासाचे भांडवल ठरते. तो डावलला, तर काम कितीही उपयुक्त असले तरी दानामागचा विश्वास उडतो, आणि पुढचे दानही आटते.